पेशीचं गणित घरी बसून शिकायचं, तर पुस्तकं कशी वाचायची

बारावीला मी पीसीबी घेतलं आणि गणित सोडलं. एमएस्सीनंतर पेशींच्या गणिती मॉडेलांकडे वळले, तेव्हा ते सगळं पुन्हा उकरावं लागलं. गेली काही वर्षं जीवशास्त्राच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना हेच शिकवते आहे. त्यांच्याकडे जी पुस्तकांची यादी असते ती जवळपास नेहमी चुकीच्या क्रमाने असते, आणि सोबत दोन सल्ले ठरलेले असतात. जीवशास्त्रवाल्याला सांगितलेलं असतं, ‘आधी गणित पक्कं कर.’ गणितवाल्याला सांगितलेलं असतं, ‘आधी अल्बर्ट्स (पेशीचं जाडजूड पाठ्यपुस्तक) पूर्ण वाच.’ दोन्ही सल्ल्यांनी माणूस वर्षभर तयारीच करत बसतो आणि एकही मॉडेल लिहीत नाही. हे दोन्ही सल्ले सोडून द्या.

पेशीचं पुस्तक

ब्रूस अल्बर्ट्स आणि सहकाऱ्यांचं ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’ १९८३ साली पहिल्यांदा आलं. सातवी आवृत्ती २०२२ची आहे. हजारावर पानांचं हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. प्रथिनं, जनुकांचं नियंत्रण, पेशीपटलातून होणारी वाहतूक, पेशीतले संदेश आणि पेशीचक्र एवढी प्रकरणं पुरतात. पैसे नसतील तर २००२ची चौथी आवृत्ती अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राच्या ‘बुकशेल्फ’ या संकेतस्थळावर मोफत आहे. तिथे पानं ओळीने उलटता येत नाहीत, शब्द टाकून शोधावं लागतं. आपल्या कामाला तेच बरं, कारण त्यामुळे प्रश्न घेऊनच पुस्तकात शिरण्याची सवय लागते. हे जड वाटलं तर त्याच गटाचं ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’ घ्या.

आकड्यांचं पुस्तक

बहुतेक याद्यांत हे नसतंच, आणि माझ्या मते सगळ्यात आधी हेच घ्यावं. रॉन मिलो आणि रॉब फिलिप्स यांचं ‘सेल बायॉलॉजी बाय द नंबर्स’, २०१५. याचा मजकूर ऑनलाइन मोफत वाचता येतो, आणि त्याच्या जोडीला ‘बायोनंबर्स’ नावाचा आकड्यांचा साठा आहे. रोज दोन-तीन पानं वाचा आणि आकडे वहीत उतरवा. ई. कोलाय जिवाणूचं घनफळ साधारण १ घन मायक्रोमीटर असतं. त्यात एखाद्या प्रथिनाचा एकच रेणू असेल, तर त्याची संहती (कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे ठरावीक घनफळात किती रेणू) सुमारे १.७ नॅनोमोलर होते. नॅनोमोलर हे संहतीचं एकक. ई. कोलायमध्ये प्रथिनाचा रेणू एक मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या छोट्याशा अंशात भटकत पार करतो, म्हणून अशा जिवाणूसाठी ‘सगळं नीट मिसळलेलं आहे’ हे गृहीतक बरेचदा चालतं. मीटरभर लांबीच्या चेतातंतूत त्याच भटकण्याने टोक गाठायला शेकडो वर्षं लागतील, तिथे ते गृहीतक चालणार नाही. हे आकडे अंगात मुरले की मॉडेल चुकतंय याचा वास आपोआप येऊ लागतो.

मॉडेलांचं पुस्तक: एकच निवडा

जीवशास्त्राकडून येत असाल तर ब्रायन इंगल्स यांचं ‘मॅथेमॅटिकल मॉडेलिंग इन सिस्टिम्स बायॉलॉजी’, २०१३. छपाईपूर्वीची प्रत लेखकाने स्वतःच मोफत ठेवलेली आहे. रासायनिक अभिक्रियांपासून सुरुवात करून ते एन्झाइम, संदेशवहन आणि जनुकजालांपर्यंत नेतं, आणि लागेल तेवढंच गणित लागेल तिथे शिकवतं. भौतिकशास्त्राकडून किंवा इंजिनिअरिंगकडून येत असाल तर उरी अलोन यांचं ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू सिस्टिम्स बायॉलॉजी’. दुसरी आवृत्ती, २०१९, मिळाली तर तीच घ्या. जेम्स मरे यांचं ‘मॅथेमॅटिकल बायॉलॉजी’ मोठं आणि मोलाचं आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून कुणी सुचवलं तर नम्रपणे नकार द्या. ते ज्याला समीकरणं लिहिता येतात त्याच्यासाठी आहे.

दोन पुस्तकं एकाच वेळी उघडू नका. चिन्हं वेगळी, एककं वेगळी, आणि डोक्याचा भुगा होतो.

बाणापासून समीकरणापर्यंत

इथेच माणसं अडकतात. मी महिनाभर अडकले होते, म्हणून इथे थांबून सांगते.

पेशीच्या पुस्तकात चित्रं असतात: गोल, चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. मॉडेलच्या पुस्तकात डिफरन्शियल इक्वेशन्स असतात, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने वाढते किंवा घटते हे सांगणारी समीकरणं. एकातून दुसऱ्यात कसं जायचं हे दोन्ही पुस्तकं उरकून टाकतात. पहिलं पुस्तक म्हणतं हे गणिताचं काम, दुसरं म्हणतं चित्र तर समोरच आहे.

मी पहिल्यांदा एमएपी कायनेजची साखळी समीकरणांत उतरवली. पेशीतला संदेश पुढे नेणाऱ्या राफ, मेक आणि एर्क या तीन एन्झाइमांची ही साखळी. चित्रात राफपासून मेककडे बाण, मेकपासून एर्ककडे बाण. मी सरळ राफमधून वजा केलं आणि मेकमध्ये मिळवलं, मेकमधून वजा केलं आणि एर्कमध्ये मिळवलं. संगणकाने आलेखही काढून दिला, छान गुळगुळीत. आधी राफ संपला, मग मेक संपला, शेवटी सगळं एर्कमध्ये जमा झालं. मला ते पटलंसुद्धा, कारण ‘संदेश पुढे जातो’ हे वाक्य डोक्यात होतं. पण राफचा मेक होत नसतो. राफ मेकला फॉस्फेट लावतो आणि स्वतः तसाच राहतो. मी एन्झाइमला कच्चा माल करून टाकलं होतं.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते आणि प्रत्येकाला सक्तीने पाळायला लावते. समीकरण लिहिण्याआधी चित्रातल्या प्रत्येक बाणावर मराठीत क्रियापद लिहायचं. ‘होतो’, ‘करवतो’, ‘जातो’, ‘अडवतो’. ‘अ’चा ‘ब’ होतो, तर ‘अ’मधून वजा आणि ‘ब’मध्ये अधिक. ‘अ’ दुसऱ्याकडून काही करवतो, तर ‘अ’च्या समीकरणात त्या बाणाचं काहीही येत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दरात गुणला जातो. ‘अडवतो’ असेल तर दुसऱ्याचा दर कमी होतो, आणि इथेही ‘अ’ खर्ची पडत नाही. क्रियापद सुचत नसेल, तर तो बाण तुम्हाला समजलेला नाही. अशा वेळी पुन्हा अल्बर्ट्सकडे जा आणि फक्त त्या बाणापुरतं वाचा. पेशीचं पुस्तक वाचण्याची खरी वेळ ही.

‘जातो’ या बाणात वेगळा सापळा आहे. केंद्रक लहान, पेशीद्रव्य मोठं. समजा पेशीद्रव्याचं घनफळ केंद्रकाच्या नऊपट आहे. रेणू पेशीद्रव्यातून केंद्रकात गेले आणि पेशीद्रव्यातली संहती १ नॅनोमोलरने उतरली, तर केंद्रकातली ९ नॅनोमोलरने चढते. रेणूंची संख्या टिकते, संहती टिकत नाही. एका बाजूला वजा केलेला आकडा जसाच्या तसा दुसऱ्या बाजूला मिळवला, तर प्रथिन हवेत विरतं.

आता न काढलेला बाण. याने मला सगळ्यात जास्त छळलं. ई. कोलायमधलं एक साधं जनुक घ्या. दर मिनिटाला एक एमआरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) तयार होतो आणि सरासरी ५ मिनिटं टिकतो, म्हणजे स्थिर पातळी ५. प्रत्येक एमआरएनएवरून मिनिटाला १० प्रथिनं बनतात, म्हणजे एकूण ५० प्रथिनं दर मिनिटाला. पुस्तकात लिहिलेलं असतं की हे प्रथिन टिकाऊ आहे, मोडत नाही. चित्रातही मोडण्याचा बाण नाही. मी तो लिहिला नाही, आणि प्रथिन वाढतच गेलं. तासाला ३,०००, दिवसाला ७२,०००, थांबायचं नावच नाही. मी आठ दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते.

चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. पेशी वाढते. दर ३० मिनिटांनी घनफळ दुप्पट होत असेल, तर काहीही न मोडता संहती अर्ध्यावर येते, आमटीत पाणी ओतल्यासारखी. म्हणून संहतीच्या समीकरणात टिकाऊ प्रथिनालाही घट असते. तिचा दर ०.६९३ (२चा नैसर्गिक लॉग) भागिले ३०, म्हणजे मिनिटाला सुमारे ०.०२३. मग स्थिर पातळी ५० भागिले ०.०२३, म्हणजे दर घन मायक्रोमीटरमागे साधारण २,१६० रेणू, सुमारे ३.६ मायक्रोमोलर. हा आकडा खऱ्या पेशीत शोभणारा आहे.

इथे ०.६९३ विसरू नका. दुप्पट व्हायचा किंवा अर्धं व्हायचा काळ दिला असेल तर ०.६९३ला त्या काळाने भागायचं, सरासरी आयुष्य दिलं असेल तर १ला. वरच्या उदाहरणात थेट १ भागिले ३० घेतलं तर उत्तर १,५०० येतं, आणि ते इतकं समजूतदार दिसतं की चूक कधीच सापडत नाही. एमआरएनएलाही पातळ होणं लागू आहे, पण त्याचा स्वतःचा दर ०.२ असल्याने ०.०२३कडे दुर्लक्ष केलं. असं दुर्लक्ष करायला हरकत नाही, फक्त ते वहीत लिहून ठेवा.

याच गणितातून पुढची गोष्ट निघते, आणि ती कळली की अलोन यांच्या पुस्तकाचा पहिला भाग सोपा होतो. निर्मिती अचानक दुप्पट केली तर नवी पातळी सुमारे ४,३२० होते. तिथपर्यंतचं अर्धं अंतर कापायला किती वेळ? ३० मिनिटं. निर्मिती दहापट केली तरी ३० मिनिटंच. प्रतिसादाचा वेग घटीचा दर ठरवतो, निर्मिती नाही. ज्याने तो न काढलेला बाण गाळला, त्याच्या मॉडेलमध्ये वेळ नावाची गोष्टच उरत नाही.

समीकरणं लिहून झाली की संगणकाला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. प्रत्येक पदाचं एकक सारखं हवं. ‘नॅनोमोलर दर मिनिट’ असेल तर सगळीकडे तेच, कुठेही सेकंद घुसलेला नको. आणि जे टिकायला हवं त्याची बेरीज करा. फॉस्फेट असलेला मेक अधिक नसलेला मेक, यांची समीकरणं मिळवली तर शून्य यायला हवं (नवा मेक बनणं आणि पातळ होणं सोडलेलं असेल तर). माझं साखळीचं मॉडेल या एका बेरजेने पाच मिनिटांत पकडलं गेलं असतं.

एन्झाइमचं सूत्र

कच्चा माल किती आहे त्यावर एन्झाइमच्या कामाचा वेग कसा ठरतो हे सांगणारं मायकेलिस-मेंटन सूत्र जिथे तिथे चिकटवू नका. १९१३चं हे सूत्र आज ज्या पद्धतीने शिकवलं जातं ती मांडणी ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांची, १९२५ची. (हेच जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) साध्या रूपात सांगायचं तर एन्झाइमपेक्षा कच्चा माल भरपूर हवा, ही त्याची अट. परीक्षानळीत ती पाळली जाते. पेशीतल्या संदेशसाखळीत एन्झाइम आणि त्याचं लक्ष्य अनेकदा बरोबरीने असतात, आणि मग सूत्र फसवतं. अशा ठिकाणी जोडणं, सुटणं आणि बदलणं या तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या लिहा.

संगणक

समीकरणं सोडवायला एक्सपीपी किंवा कोपासी हे तयार प्रोग्रॅम, नाहीतर पायथन, काहीही चालेल. कोपासी अभिक्रियांवरून समीकरणं स्वतः रचते आणि घनफळंही सांभाळते, म्हणून किमान पाच मॉडेलं हाताने लिहिल्यावरच तिच्याकडे जा.

आलेख वाचणं

स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांच्या ‘नॉनलिनियर डायनॅमिक्स अँड केऑस’मधली रेषेवरच्या प्रवाहाची सुरुवातीची प्रकरणं करा. समीकरण न सोडवता उत्तर कुठे स्थिरावेल हे चित्रावरून सांगता आलं पाहिजे.

मग एक खरा शोधनिबंध

२० जानेवारी २०००च्या ‘नेचर’च्या अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आहेत. गार्डनर, कँटोर आणि कॉलिन्स यांचा जनुकांचा खटका, आणि एलोविट्झ व लायब्लर यांचा रेप्रेसिलेटर. पहिल्यात दोन जनुकं एकमेकांना अडवतात. दोनच समीकरणं आहेत, ती आधी करा. दुसऱ्यात तीन जनुकं गोलाकार एकमेकांना अडवतात आणि प्रथिनांची पातळी वरखाली झुलत राहते. तीन एमआरएनए आणि तीन प्रथिनं, म्हणून सहा समीकरणं. ही समीकरणं एककं काढून टाकलेल्या रूपात छापली आहेत. ती वहीत पुन्हा मिनिटांत आणि रेणूंत आणा. त्रास होतो, पण हा सराव टाळू नका.

रेप्रेसिलेटर करताना घटीच्या पदाकडे नीट बघा. प्रथिनं आणि एमआरएनए साधारण सारख्या वेगाने नष्ट झाले तर झोके सहज येतात, असं मॉडेलने सांगितलं. नुसत्या पातळ होण्याने प्रथिनं फार सावकाश घटतात. म्हणून त्या दोघांनी प्रथिनांच्या शेपटीला एक खूण जोडली, जी पाहून पेशी ते प्रथिन लवकर मोडून टाकते. तुमच्या मॉडेलमध्ये प्रथिनाचा घटीचा दर आधी एमआरएनएइतका ठेवा, मग निम्मा, मग दहावा हिस्सा, आणि प्रत्येक वेळी आलेख छापून तारखेसह वहीत चिकटवा.