दुकानातला रॅकच प्रदर्शनात न्या

नाशिकच्या भद्रकालीत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. अधूनमधून डोंगरे वसतिगृह मैदानावर किंवा ठक्कर डोममध्ये स्टॉलही लावतो. बरेच जण दुकानाची मांडणी वेगळी आणि स्टॉलची वेगळी करून घेतात. मला तो खर्च पटत नाही. रॅकचा सुटा होणारा एकच संच घ्या, पण तो स्वतःच्या पायांवर उभा राहणारा हवा.

कारण भिंतीचा भरवसा दोन्हीकडे नसतो. जुन्या वाड्यातल्या गाळ्याची भिंत माती-विटांची. ड्रिल लावलं की भुगा येतो आणि स्क्रूसाठी भोकात ठोकलेला प्लास्टिकचा फिशर सैल राहतो. प्रदर्शनातला ऑक्टोनॉर्म स्टॉल म्हणजे आठ खाचांचे ॲल्युमिनियमचे खांब आणि त्यांत अडकवलेले पातळ पॅनल. त्यावर भावफलक डबल टेपने चिकटवा, भांडी टांगू नका. खिळा तर नकोच.

आमच्याकडे खाचांचे लोखंडी खांब, त्यांत अडकवून फळी पेलणारे ब्रॅकेट आणि १८ मिलिमीटर प्लायच्या फळ्या आहेत. खाचांमधलं अंतर प्रत्येक कारखान्याचं निराळं असतं, त्यामुळे एकाचं ब्रॅकेट दुसऱ्याच्या खांबात बसेलच असं नाही. पुढे वाढवायचं असेल तर जादा ब्रॅकेट पहिल्याच वेळी घ्या, आणि नंतर खरेदीला जाताना एक जुनं पिशवीत ठेवा.

खांब जोडून होणाऱ्या फ्रेमची रुंदी ठरवताना स्टॉल डोळ्यांसमोर आणा. नेहमीचा स्टॉल ३ बाय ३ मीटरचा, म्हणजे मागची भिंत दहा फुटांना जराशी कमी. तीन फुटी तीन फ्रेम तिथे नीट बसतात. चार फुटी दोनच बसतात आणि उरलेल्या जागेत रिकामी खोकी जमतात. खांब सहा फुटी बरे, छोटा हत्ती टेम्पोत आडवे मावतात.

एका फळीवर ठेवायचा माल आधी काट्यावर घाला आणि ते वजन सांगूनच ब्रॅकेट मागा. बंब, घागरी तळाला. लोटे, पेले नजरेसमोर. मैदानात गालिच्याखाली जमीन उंचसखल असते, म्हणून पायांना उंची कमीजास्त करणारे लेव्हलिंग स्क्रू मागून घ्या. ते फिरवून फ्रेम ओळंब्यात आल्या की शेजारच्या फ्रेम एकमेकींना बोल्टने कसा, मगच माल चढवा.

दिवा पिवळसर घ्या, पांढऱ्यात तांबं फिकं दिसतं. तो बाजूने तिरका मारा. समोरून मारला तर चकाकीच डोळ्यांत जाते आणि गिऱ्हाइकाला नक्षी दिसत नाही.