डीईएफ भरताना: इंजिन बंद, नरसाळं वेगळं

बीएस-६ डिझेल व्हॅनमध्ये डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारं, वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) पूर्ण संपलं, की एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होत नाही. म्हणून बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला निघायचं असेल, तर पहिली सूचना दिसताच भरून घ्या.

१. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. निळं झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसा. हे टाळू नका, कारण बारीक कण आत गेले की पंप आणि इंजेक्टर चोंदतात.

२. नरसाळं फक्त डीईएफसाठीच ठेवा. डिझेलचं नरसाळं कितीही धुतलं तरी तेलाचा अंश राहतो आणि तो यंत्रणेला घातक ठरतो.

३. फक्त लिटरभर ओतून थांबू नका. पातळी फार खाली गेली असेल तर थोडं भरून सेन्सरला कळतच नाही. निदान पाचेक लिटर भरा, पण गळ्यापर्यंत नको.

४. इंजिन चालू न करता चावी 'ऑन'वर मिनिटभर ठेवा, मग स्टार्ट करा. दिवा जायला काही किलोमीटर लागू शकतात.

सांडलेलं लगेच साध्या पाण्याने धुवा. वाळलं की पांढरे खडे धरतात आणि पत्रा गंजतो. उरलेला कॅन घट्ट बंद करून सावलीत ठेवा.

उसाला घालायचा युरिया पाण्यात विरघळवून कधीही ओतू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि खनिजरहित पाणी असतं. खताच्या युरियातली अशुद्धी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट निकामी करते. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावीसुद्धा फिरवू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.