सप्लिमेंट घेऊन आजार टाळताय? आधी या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर रोज कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "हे द्या, याने शुगर होत नाही म्हणे." रक्त तपासलंय का, कसली कमतरता आहे का, कशाचा पत्ता नसतो, पण गोळी आजच्या आज पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ व्हिटॅमिन डी चा. ६०,००० युनिटचं पाऊच साधारण आठवड्यातून एकदा असतं, तेही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. ओळखीतल्या एका काकांना कोणीतरी सांगितलं की डी ने हार्ट आणि कॅन्सर दोन्हीपासून संरक्षण मिळतं, झालं, काकांनी रोज एक पाऊच चालू केलं, तेही वेगवेगळ्या दुकानांतून घेऊन. मग उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, घरच्यांना वाटलं पित्त झालंय म्हणून अँटासिड देत राहिले, शेवटी काका असंबद्ध बोलायला लागले तेव्हा अॅडमिट केलं तर कॅल्शियम प्रचंड वाढलेलं आणि क्रिएटिनिनपण, म्हणजे किडनीलाही त्रास. डी चरबीत साठतं, त्यामुळे पाऊच बंद केल्यावरही कॅल्शियम लगेच उतरत नाही, काकांचे पुढचे कितीतरी आठवडे रक्त तपासण्यातच गेले. मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने रोज ४,००० युनिटच्या वर जायचं नसतं, आता तुम्हीच हिशोब करा. आणि ज्यासाठी केलं ते तरी होतं का? अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी ट्रायल झाली, २५,८७१ लोक, रोज २,००० युनिट, पाचेक वर्षं, आणि २०१८ मध्ये निकाल आला की कॅन्सर होण्याचं किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण काही कमी झालं नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी जरूर घ्या. मी तर चिठ्ठी बघितल्याशिवाय पाऊच देतच नाही आणि पाकिटावर पेनाने वार लिहून देतो, "फक्त रविवारी".

दुसरी चूक, गाजर चांगलं म्हणजे गाजरातलं सत्त्व गोळीत घेतलं की अजून चांगलं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर हे करून बघितलं, ज्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, १९९४ ची गोष्ट आहे. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याने "अँटिऑक्सिडंट द्या" (बीटा कॅरोटीन त्यातलंच) म्हटलं की मी आधी सिगारेट सोडायला सांगतो, राग आला तरी चालेल.

बाकीच्या पटकन सांगतो. थायरॉईडच्या गोळीसोबत कॅल्शियम किंवा लोह घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा. शुगरची गोळी चालू असताना मनाने कारल्याच्या रसाचा मारा नको, शुगर एकदम खाली जाऊ शकते. शुगरचीच मेटफॉर्मिन नावाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासून घ्या, इथे सप्लिमेंट खरंच लागू शकतं. हळद भाजीत घाला, जादा डोसच्या कॅप्सूलने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. नाचणी बिस्किटाच्या पुड्यामागे आधी मैदा आणि साखर किती ते वाचा.

आणि ज्याचा खरंच उपयोग होतो तिथे लोकांना दम निघत नाही. ओट्समधलं बीटा ग्लुकन (एक प्रकारचं फायबर) रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं, इसबगोलनेही उतरतं (भरपूर पाण्यासोबत घ्या, कोरडं गिळू नका), पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात आणि लोक आठ दिवसांत रिपोर्ट काढून "काही फरक नाही" म्हणत सोडून देतात. जवस अख्खी खाल्ली तर बरीचशी तशीच बाहेर पडते, भाजून कुटून चटणी करा, आणि थोडी थोडीच करा, कुटलेली जवस लवकर खवट होते.