कोरुंबाला जाताय? आधी पिवळं कार्ड घ्या
कोरुंबा म्हणजे ब्राझीलमधलं, बोलिव्हियाच्या सीमेजवळचं, पांतानाल नावाच्या मोठ्या दलदलीच्या काठचं गाव. पासपोर्ट, ब्राझीलचा व्हिसा, तिकिटं हे सांगायला नको. पिवळं कार्ड घेतलं का, डासांमुळं होणाऱ्या यलो फीव्हरच्या लसीचं? आपल्या बेळगावकरांना गोवा जवळ, चोर्ला घाटातनं वास्कोला जाऊन पोर्ट हेल्थच्या ऑफिसात टोचून घ्यायचं, पण आधी अपॉइंटमेंट घ्या, एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात, ती एकट्यासाठी फोडत नाहीत. ओरिजिनल पासपोर्ट न्या, अंड्याची अ‍ॅलर्जी असली तर आधीच सांगा, आणि कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथंच उभं राहून आकडा न् आकडा ताडून बघा. टोचल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं, पुढं जन्मभर चालतं.

मी टोचून घेतलं होतं हो, पण कार्ड राहिलं टिळकवाडीत, लाईटबिलांच्या फाईलीत. ब्राझीलहून परत भारतात येताना विमानतळावर कार्ड मागितलं, बाजूला घेतलं, मोबाईलमधला फोटो चालला नाही, थेट क्वारंटाईन. भाऊ रात्रीच्या गाडीनं कार्ड घेऊन आला म्हणून सुटलो, नाहीतर 6 दिवस तिथंच. तेव्हा कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा, चेक-इन बॅगेत अजिबात नको.

आता सीझन. पांतानाल एवढं सपाट आहे की पाणी महिनोन्महिने सरकत येतं, वरच्या अंगाचा पाऊस मार्चला ओसरला तरी कोरुंबापाशी पाराग्वाय नदी मे-जूनला फुगते. जुलै ते सप्टेंबर जा, पाणी आटून तळी उरतात आणि काठाला मगरीसारखे कैमान नुसते ओळीनं पडलेले असतात. जून-जुलैत दक्षिणेचं गार वारं सुटतं, एक स्वेटर ठेवाच, दलदल म्हटलं की उकाडाच असं समजू नका. डासांसाठी लांब बाह्या. चिवडा न्या, कुंदा नको, टिकत नाही.

घड्याळ साओ पाउलोपेक्षा 1 तास मागं करा. कांपो ग्रांदे शहराहून कोरुंबाला बस, 400 किलोमीटरच्या वर.

सीमेच्या पलीकडं बोलिव्हियातलं पुएर्तो किहारो गाव. तिकडं जाणार असाल तर व्हिसा आधी बघा, ब्राझीलचा एक्झिट शिक्का घेतल्याशिवाय पलीकडं जाऊ नका, आणि परत आत यायचंय, तेव्हा ब्राझीलचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघा. पिवळं कार्ड तिथंही जवळ हवं. ट्रान्सलेटर ऑफलाईन, पोर्तुगीज न् स्पॅनिश दोन्ही. चार्जरचा पिन, टॉर्च, औषधं, झालं.

आणि कार्ड? कव्हर उघडून बघा, आत्ता.