रोज शंभर टक्के चार्ज कशाला?
कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगाव एमआयडीसीला रोज ये-जा करायला इलेक्ट्रिक कार पूर्ण चार्ज करायची गरजच नाही. बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर ८० टक्क्यांवर थांबवा, २० च्या खाली शक्यतो नेऊ नका. भरलेली बॅटरी तासन्‌तास उन्हात उभी राहिली की लवकर झिजते; एप्रिल-मेमध्ये सावली शोधाच. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी असेल तर मात्र कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे अधूनमधून १०० टक्के करा, नाहीतर उरलेल्या रेंजचा आकडा चुकायला लागतो. पुण्याला जायचंय? मग निघायच्या तोंडावर खुशाल पूर्ण भरा. पन्हाळ्यावर मुक्कामी चार्ज करत असाल तर थोडी जागा ठेवा, कारण भरलेली बॅटरी उतारावर ब्रेकमधून परत येणारी वीज घेऊ शकत नाही.