नवजात बाळाच्या वृषणाला पीळ: ओळखायचा कसा, शस्त्रक्रिया कशी करायची

जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत दोन्ही वृषणं बोटांनी चाचपा आणि ‘दोन्ही मऊ, जागेवर’ असं वेळेसह केसपेपरवर लिहा. तिसऱ्या दिवशी सूज आली, तर पीळ जन्माआधीचा की ताजा, हे या एका ओळीवरून ठरतं.

या वयात वृषणाचं वेष्टन अंडकोशाला नीट चिकटलेलं नसतं. त्यामुळे रक्तवाहिन्यांची दोरी वेष्टनासकट फिरते. किशोरवयात पीळ वेष्टनाच्या आत पडतो. तिथे कधी हातानेच पीळ सोडवून पाहतात, नवजात बाळात तो खटाटोप नको.

आईच्या पोटातच पीळ पडला असेल तर सुपारीसारखी कडक, न दुखणारी गाठ लागते. कातडी निळसर-काळपट आणि गाठीला चिकटलेली असते. अंधारात टॉर्च लावा: हायड्रोसील (वृषणाभोवती साचलेलं पाणी) लालसर उजळतं, इथे उजेड आरपार जात नाही. जन्मानंतर पीळ पडला तर अंडकोश लाल होऊन सुजतो आणि हात लावताच बाळ कळवळतं. अडकलेल्या हर्नियाची सूज वर जांघेपर्यंत जाते. पायाळू बाळात अंडकोशात रक्त साकळलेलं असू शकतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतलं रक्तही खाली उतरतं, म्हणून सोनोग्राफीत पोटही बघून घ्या.

डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, फार विसंबू नका. वृषण जेमतेम 1 मिलिलिटरचं असल्याने निरोगी बाजूचाही प्रवाह कधी दिसत नाही. ताज्या पिळाचा दाट संशय असेल तर सोनोग्राफीसाठी तास घालवू नका, थेट शस्त्रक्रियेला घ्या.

जन्माआधीच्या पिळात ते वृषण वाचणं जवळपास अशक्य, म्हणून घाई करावी का यावर सर्जनांत मतभेद आहेत. आमचा कल लवकर करण्याकडे आहे, कारण दुसऱ्या बाजूलाही गुपचूप पीळ असू शकतो. दोन्ही गेली तर वयात येताना टेस्टोस्टेरॉन सुरू करावं लागतं, ते कायमचं. अर्थात बाळ स्थिर हवं आणि लहान मुलांचा भूलतज्ज्ञ हाताशी हवा.

रक्त नीट गोठावं म्हणून व्हिटॅमिन के दिल्याची खात्री करा. थिएटर गरम ठेवा, बाळ झपाट्याने गार पडतं. छेद जांघेतून घेतला तर हर्नियाही त्याच वेळी दुरुस्त होतो. पीळ सोडवा, वृषण कोमट सलाईनच्या गॉजमध्ये 10 मिनिटं गुंडाळा आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूकडे वळा. अंडकोशाच्या कातडीखाली कप्पा करून त्या दुसऱ्या बाजूचं वृषण त्यात बसवा. वृषणातून टाके न घेतलेलेच बरे. मग गॉज उघडा. रंग परतला नसेल तर पांढऱ्या आवरणाला बारीक चीर द्या. ताजं लाल रक्त आलं तर वृषण ठेवा आणि तेही तसंच बसवा. काळं ठिक्कर, रक्तहीन असेल तर दोरी दोन भागांत बांधून काढा.

भूल उतरल्यावरही बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर जास्तच. त्यामुळे 24 तास मॉनिटर काढू नका. ठेवलेलं वृषण नंतर आक्रसू शकतं, म्हणून 6 महिन्यांनी आकार तपासा. कृत्रिम वृषण हवं असेल तर ते वयात आल्यावर बसवतात.