माझ्याच गाण्यात दुसऱ्याचं नाव

लोअर परळच्या एका क्लबात माझा पहिला सेट होता. साडेनऊ ते साडेदहा, म्हणजे लोक अजून जेवत असतात आणि वेटर तुमच्यापेक्षा जास्त घाईत असतात ती वेळ. शेवटच्या दहा मिनिटांत मी माझा स्वतःचा कोळीगीताचा रिमिक्स काढला. उरण-पनवेलच्या हळदींत दोन सीझन वाजवून पक्का झालेला, कधी फसला नव्हता. बिल्डअप चढला, किक म्हणजे खालचा ठोका थांबला, ड्रॉपच्या, म्हणजे ठेका पुन्हा कोसळतो त्या क्षणाच्या, आधीची ती अर्ध्या श्वासाची शांतता आली. आणि त्या शांततेत एका बाईच्या भरदार आवाजात स्पीकरमधून दुसऱ्याच डीजेचं नाव घुमलं. 'इन द मिक्स' सकट.

बारजवळचे दोघे हसले. पुढच्या सेटवाला माझ्या मागेच उभा होता, त्याने फक्त विचारलं, "तो तू आहेस का?"

झालं असं होतं की त्याच्या वर्षभर आधी माझी हार्डडिस्क गेली. गाणं बनवायच्या एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल गेली, वेव्ह म्हणजे न दाबलेली मूळ फाइलही गेली. यूट्यूब चॅनल तर त्याच्याही आधी उडालं होतं, त्याचं रडगाणं खाली आहे. मग मी काय केलं, तर माझंच गाणं कुणीतरी स्वतःच्या चॅनलवर चढवलेलं सापडलं, ते कन्व्हर्टरवरून उतरवलं, पहिली तीस सेकंदं फोनवर ऐकली आणि पेनड्राइव्हमध्ये टाकून दिलं. त्या भावाने मधल्या शांततेत आपला टॅग चिकटवला होता. तिथपर्यंत मी ऐकलंच नव्हतं. स्वतःचं गाणं कोण पूर्ण ऐकतं?

हे लिहितोय ते हळद, गणपती, वाढदिवस करून आता क्लबकडे बघणाऱ्या पोरांसाठी. बीट जुळवणं, क्यू, ईक्यू, लूप तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी सहा महिने तेवढंच करा.

टॅगचा अपमान मी पचवला. खरा मार त्याच सेटमध्ये दुसरीकडून बसत होता आणि तो मला कळतही नव्हता. माझ्या आधीच्या मुलीचा सेट चालू असताना टाळी टाळीसारखी वाजत होती. माझी गाणी सुरू झाल्यावर वरचा, म्हणजे बारीक सुरांचा, सगळा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा, हाय-हॅटच्या जागी नुसतं 'शीऽऽ'. मी हाय वाढवला, तर कानात टाचण्या. गेन वाढवला, तर मिक्सरवर लाल दिवे. साऊंडवाला दोनदा येऊन खाली करून गेला. मला वाटलं, नवा आहे म्हणून छळतोय.

सेट संपल्यावर त्यानेच बाजूला घेतलं. "गाणी कुठून घेतोस?" मी छाती काढून म्हणालो, "सगळी थ्री-ट्वेंटी आहेत." म्हणजे ३२० केबीपीएस, एमपीथ्रीतला वरचा दर्जा. त्याने माझा पेनड्राइव्ह त्याच्या लॅपटॉपला लावला, स्पेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर उघडलं आणि माझी फाइल त्यात टाकली. पडद्यावर गाण्याचं रंगीत चित्र उमटलं, जाड आवाज खाली, बारीक वर. खाली लाल-पिवळा गाळ, वर जांभळा, आणि १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. तिच्या वर नुसता काळोख. मग त्याने स्वतःची एक विकत घेतलेली फाइल टाकली, ती २० किलोहर्ट्झपर्यंत भरलेली.

आता हे नीट समजून घ्या, कारण मी चार वर्षं चुकीचं समजत होतो. यूट्यूबवरचा आवाज आकार लहान व्हावा म्हणून आधीच दाबलेला असतो, साधारण १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट) आसपास. कन्व्हर्टर साइटवर तुम्ही '३२० केबीपीएस' हे बटण दाबता तेव्हा ती साइट त्याच दाबलेल्या आवाजाला मोठ्या डब्यात भरून देते. डबा मोठा, आतला भात तेवढाच. वर भरताना तो आणखी एकदा दाबला जातो, म्हणजे आहे त्यातलंही थोडं सांडतं. फाइलचा आकार बघून कळेल म्हणाल, तर नाही कळणार. चार मिनिटांचं खरं ३२० गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास भरतं आणि खोटंही तेवढंच भरतं. फाइलच्या नावात ३२० असतं, डीजेंची गाणी लावून ठेवायच्या रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरच्या रकान्यातही ३२० दिसतं. सगळे साक्षीदार फितूर.

आणि आपल्याकडच्या रिमिक्सचं तर विचारूच नका. माझ्याच गाण्याची वंशावळ सांगतो. मूळ गाणं मी यूट्यूबवरून उतरवलं, ही पहिली झेरॉक्स. रिमिक्स करून एमपीथ्री काढली, दुसरी. चॅनलवर चढवली, यूट्यूबने दाबली, तिसरी. त्या टॅगवाल्याने उतरवून टॅग लावून पुन्हा एमपीथ्री केली, चौथी. त्याच्या चॅनलवर चढली, पाचवी. तिथून मी उतरवली, सहावी. कॉलेजात सीनियरच्या नोट्सची सहाव्या हाताची झेरॉक्स मिळायची, आठवतं? 'ष' आहे की 'प' आहे ते अंदाजाने वाचायचं. मी तसलं गाणं लाखोंच्या साऊंडवर वाजवत होतो. त्यात की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू ठेवून टेम्पो सहा टक्के चढवला होता. दबलेल्या फाइलवर की-लॉक म्हणजे फाटलेल्या शर्टला इस्त्री.

मग हळदीत कधी का कळलं नाही? कारण मांडव उघडा असतो, समोर तीनशे माणसं ओरडत असतात, बाजूला बेंजोवाले तयार असतात आणि सगळ्यांना छातीत बेस हवा असतो. आणि घरी आपण गाणं तपासतो कशावर? फोनवर. फोनच्या स्पीकरवर सगळीच गाणी सारखी वाईट वाजतात.

म्हणून आज रात्रीच बसा. सगळी लायब्ररी नको, नेहमी वाजवता ती पन्नास गाणी स्पेकमध्ये टाका. १६ ला रेघ दिसली की ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये. एक मात्र लक्षात ठेवा: ५०-६० वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणात वरचा भाग मुळातच कमी असतो, तिथे चित्र रिकामं दिसलं म्हणून फाइल खोटी ठरत नाही. सुरीने कापलेली रेघ आणि हळूहळू विरत गेलेला रंग यातला फरक दहा फाइली बघितल्यावर डोळ्याला कळतो. हाऊस-टेक्नो बीटपोर्ट किंवा बँडकॅम्पवर विकत मिळतं. आपल्या गाण्यांचं कठीण आहे, तिथे जुन्या सीडी शोधा किंवा सरळ कलाकाराला मेसेज करा. मला दोघांनी वेव्ह पाठवल्या, एकाने वर 'विचारलंस बरं केलंस' असंही लिहिलं. स्वतःचं काम असेल तर १६ बिटची वेव्ह काढून ठेवा, मिनिटाला दहा एमबी लागतात, दोन वेगळ्या डिस्कवर. दोन. एका डिस्कवर ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच.

घाबरून जाऊ नका. माझी पन्नासातली एकतीस खोटी निघाली आणि मी अजून वाजवतोय.

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात: जुने सीडीजे, म्हणजे क्लबातली गाणी वाजवायची मशिनं, एफएटी३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह वाचतात; दुकानातून आणलेला ६४ जीबीचा बहुतेक वेळा एक्सएफएटी असतो, तो ती वाचत नाहीत. घरी कंट्रोलरवर लॅपटॉपने वाजवणाऱ्याला हे कधी कळत नाही. रेकॉर्डबॉक्समधून एक्सपोर्ट करा, नुसत्या फाइली कॉपी करू नका, आणि दोन पेनड्राइव्ह न्या.

कोर्सबद्दल मला खूप जण विचारतात. माझं मत कडू आहे. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून कुणाला गिग मिळालेली मी पाहिली नाही. कोर्समध्ये नवीकोरी मशिनं हाताळायला मिळतात, तेवढा फायदा. त्यापेक्षा एखाद्या साऊंडवाल्याच्या मागे राहा. डीजे तुम्हाला त्याची गाणी दाखवणार नाही, साऊंडवाल्याला लपवायला काही नसतं. आमच्या गावातल्या साऊंडवाल्या दादूसने मला दोन वर्षं फक्त केबल गुंडाळायला लावली. तेव्हा शिव्या घालायचो. पण कुठली वायर कुठे जाते हे माहीत असल्यामुळे क्लबात डावा चॅनल गेला तेव्हा हात थरथरले नाहीत. अर्थात दादूसने दोन वर्षांत पैसे किती दिले हे विचारू नका. फुकट राबवून घेणाऱ्याला गुरू म्हणायची आपल्याला सवय आहे. एक सीझन ठीक, दुसऱ्या सीझनला पैसे मागा.

आणि सिंक बटणावरून (दोन गाण्यांचा वेग ते आपोआप जुळवतं) कुणी टोमणा मारला तर मारू द्या. फक्त एक: आपली बरीच कोळीगीतं सहाच्या ठेक्यात असतात. सॉफ्टवेअर त्यांचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, कधी दीडपट दाखवतं, कधी निम्मा. तिथे सिंक तुम्हाला तोंडघशी पाडेल. ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, हाताने लावा. उलट हेच तुमचं भांडवलही आहे. चारच्या ठेक्यात वाढलेल्या क्लबवाल्या डीजेला सहातून चारात कसं उतरायचं ते येत नाही, तुम्ही ते मांडवात रोज करता.

आता रील. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत रील्स आलं, आणि तेव्हापासून माणसं गाण्याचं नाव सांगत नाहीत. फोन थेट तुमच्या नाकासमोर धरतात, पंधरा सेकंदांचा तुकडा वाजत असतो, "हे लाव." तो तुकडा बहुधा वेग वाढवलेला किंवा कमी केलेला असतो. मूळ गाणं लावलं की म्हणतात, "हे नाही." मी आता चालू ट्रेंडची दोन्ही रूपं ठेवतो आणि मुळातून सुरू करून हळूच वेग बदलतो. आणि जरा मागे जाऊन शोधत जा. संथ करून वाजवायची ही पद्धत रीलवर जन्मली नाही, ह्यूस्टनचा डीजे स्क्रू १९९० च्या दशकात असल्या कॅसेट काढत होता. जर्सी क्लब या नाचाच्या संगीताची ती अडखळती किक न्यू जर्सीतल्या नेवार्कची. हे माहीत असलं की एका रीलच्या मागे वाजवण्याजोगी वीस गाणी सापडतात.

मी मात्र उलट केलं. सुरुवातीचे दोन-तीन सेट रीलसारखे वाजवले, दर वीस सेकंदांना ड्रॉप. हळदीत चालतं, कारण वेळ दहाची असते, त्यानंतर पोलिसांची गाडी, म्हणून सगळं कोंबायचं असतं. क्लबात पंधरा मिनिटांत लोक दमून बाहेर सिगारेटला गेले. गाण्याला चार मिनिटं द्या. हात शिवशिवले तर खिशात घाला, पण देऊन बघा.

राहिलं चॅनल. क्लेम आणि स्ट्राइक यांत गोंधळ करू नका. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखते आणि क्लेम लावते. पैसे मालकाला जातात किंवा व्हिडिओ अडतो, चॅनल राहतं. स्ट्राइक म्हणजे मालकाने काढायला लावलं. नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं. मी ते मेल उघडतच नव्हतो. "पारंपरिक आहे, त्याला कसला मालक?" असं म्हणायचो. 'मी डोलकर' पारंपरिक आहे असं छातीठोकपणे सांगणारे कितीतरी भेटतील, ते शांता शेळक्यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं गाणं आहे. आणि शब्द खरोखर जुने असले तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो ६० वर्षं चालतो. लग्नाच्या वरातीत आणि समारंभात वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, ती चॅनलवर चढवायला नाही. मला हे दोन वर्षांची मेहनत गेल्यावर कळलं. नवीन चॅनलवर मी फक्त स्वतःच्या चाली टाकतो. व्ह्यूज कमी येतात. झोप येते.

त्या टॅगवाल्याला मी शेवटी मेसेज केला. बरंच खरमरीत लिहिलं होतं, मग खोडलं, नुसतं लिहिलं की ते गाणं माझं आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं: "भावा, तू केलेलंस होय? मस्तच आहे. ओरिजिनल वेव्ह असेल तर पाठव ना, माझ्याकडची क्लबात फार घाण वाजते."